आडातले आणि पोहऱ्यातले

एक रुपयाची नोट कुणाच्या पाकिटात अजून सापडली, तर तिची मागची बाजू जरा निरखून पाहावी. भर समुद्रात पाय रोवून उभा असलेला एक लोखंडी सांगाडा तिथे दिसतो. तो 'सागर सम्राट'. जपानमध्ये बांधलेली ही रिग १९७४ च्या जानेवारीत मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर अरबी समुद्रात उभी राहिली. ३१ जानेवारीला तिने खोदायला सुरुवात केली आणि फेब्रुवारीत तेल लागले. पहिल्याच विहिरीत!

ही हकिकत आपल्याकडे अनेकदा सांगितली गेली आहे. पण ती बहुधा रिगपासून सुरू होते. मला नेहमी त्याच्या आधीचा प्रश्न छळतो. नेमके तिथेच का? जमिनीवर हिंडणाऱ्या भूवैज्ञानिकाच्या हाताला काहीतरी लागते. ओढ्याच्या काठाला उघडे पडलेले थर असतात, नव्या विहिरीतून काढलेला मुरूम असतो, घाटरस्त्यासाठी कापलेला कडा असतो. हातोडा, होकायंत्र आणि भिंग एवढ्यावर तो नकाशा काढतो. इथे तर चहूकडे पाणी, ७५ मीटर खाली तळ, तळावर चिखल. हातोडा मारायचा तरी कुठे? तरीही कुणीतरी नकाशावर बोट ठेवले आणि म्हणाले, इथे. त्या बोटामागे कागदावरच्या काही काळ्या रेघांचा भरवसा होता, आणि त्या रेघा प्रतिध्वनींपासून तयार झालेल्या होत्या.

अशा रेघांचा कागद म्हणजे 'सेस्मिक सेक्शन'. भूवैज्ञानिकापुढे तो येतो वाढलेल्या ताटासारखा. चुलीपाशी काय काय घडले ते ताटावरून कळत नाही. खाली वाकलेले थर दिसतात, तुटलेले दिसतात, घुमटासारखे वर आलेले दिसतात आणि हा जणू जमिनीचा उभा काप काढलेला फोटोच आहे असे वाटू लागते. फोटो तो नसतोच. त्यातली प्रत्येक रेघ कुणीतरी काहीतरी ठरवल्यामुळे तिथे आलेली असते. काय ठरवले, कधी आणि कोणत्या अडचणीतून, हे कळायला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात १९२१ च्या उन्हाळ्यात जावे लागते.

पहिल्या महायुद्धात शत्रूची तोफ कुठे दडली आहे हे आवाजावरून शोधण्याची युक्ती दोन्ही बाजू वापरत होत्या. ठरावीक जागी मायक्रोफोन ठेवायचे, आवाज कोणत्या मायक्रोफोनपाशी किती उशिरा पोचला ते मोजायचे आणि त्यावरून तोफेची जागा काढायची. जर्मनीत खाणींची मोजणी करणारे लुडगर मिन्ट्रोप या कामात होते, अमेरिकेत ब्यूरो ऑफ स्टँडर्ड्समधले तरुण भौतिकशास्त्रज्ञ जे. क्लॅरेन्स कार्चर. दोघांच्याही डोक्यात हा हिशेब उलटा करण्याची कल्पना आली. आवाजाची जागा आपल्याला माहीत असेल आणि वेळही माहीत असेल, तर मधली जमीन कशी आहे ते काढता येईल. मिन्ट्रोप यांनी खालच्या वेगवान खडकातून सरपटत जाऊन पुन्हा वर येणाऱ्या तरंगांचा, म्हणजे अपवर्तनाचा मार्ग धरला. १९२४ मध्ये त्यांच्या 'सेस्मोस' कंपनीच्या तुकडीने टेक्सासमध्ये मिठाचा पुरलेला घुमट शोधून दाखवला. कार्चर यांना हवा होता थेट प्रतिध्वनी.

ओक्लाहोमा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक विल्यम हेसमन आणि अर्विंग पेरिन व डॅनिएल ओहर्न हे दोन भूवैज्ञानिक यांच्याबरोबर कार्चर यांनी एक छोटी कंपनी काढली. ४ जून १९२१ रोजी ओक्लाहोमा सिटीजवळ बेल आइल या ठिकाणी पहिली चाचणी झाली. त्यानंतर त्यांनी जे केले ते मला फार मोलाचे वाटते. ही मंडळी आर्बकल डोंगराळ भागात गेली. तिथे चुनखडक आणि शेल यांचे थर कललेले आहेत आणि बऱ्याच जागी उघडे पडलेले आहेत. त्या उघड्या थरांमध्ये तरंगांचा वेग त्यांनी आधी मोजून घेतला. मग ९ ऑगस्टला व्हाइन्स ब्रांच नावाच्या एका ओढ्याच्या परिसरात स्फोट करून, परत आलेल्या प्रतिध्वनींवरून खालच्या थराचा काप कागदावर काढला. परावर्तित तरंगांवरून काढलेला हा पहिला भूवैज्ञानिक काप मानला जातो. उत्तर जिथे डोळ्यांनी पडताळता येईल अशी जागा त्यांनी मुद्दाम निवडली होती. या विद्येच्या पहिल्या दिवशी भूवैज्ञानिक शेजारीच उभा होता. पुढे तो आणि भूभौतिकतज्ज्ञ वेगवेगळ्या खोल्यांत, कधी वेगवेगळ्या शहरांत बसू लागले, आणि त्यातून बरेच घोटाळे झाले.

तत्त्व तर शाळेतल्या मुलालाही कळेल असे. स्फोटाचा क्षण नोंदवायचा, प्रतिध्वनी पोचल्याचा क्षण नोंदवायचा. मधल्या वेळाला वेगाने गुणायचे आणि दोनाने भागायचे, कारण तरंग खाली जाऊन वर आलेला असतो. सेकंदाला ३००० मीटर वेग असेल आणि प्रतिध्वनी एका सेकंदाने आला, तर थर १५०० मीटर खोल. सगळी मेख त्या वेगात आहे. मोजलेली असते ती वेळ. वेग तेव्हा बहुतेक वेळा अंदाजाचा असे. तो दहा टक्क्यांनी चुकला तर थर दीडशे मीटर वर किंवा खाली सरकतो. सेक्शनच्या उभ्या कडेला मीटर लिहिलेले आहेत की सेकंद, हे आधी पाहावे असे म्हणतात ते यासाठी.

प्रतिध्वनी येतो कुठून? तरंग एका थरातून दुसऱ्यात शिरताना दोन्हींच्या घनतेत आणि वेगात फरक असेल, तर त्याचा थोडा अंश मागे फिरतो. बहुतेक थरांपाशी हा अंश फार लहान असतो, बाकीचा तरंग पुढे जातो. म्हणून तर खोलवरच्या थरांचीही वार्ता येते. ती टिपतो जिओफोन. एक चुंबक आणि स्प्रिंगवर लोंबणारे तारेचे वेटोळे, एवढेच त्याचे पोट. खाली अणकुचीदार खिळा. तो जमिनीत रोवून टाचेने घट्ट दाबायचा, नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या गवताचीच नोंद होत राहते. जमीन हलली की चुंबक तिच्याबरोबर हलतो, वेटोळे जडत्वाने मागे राहते आणि तारेत क्षीण वीज निर्माण होते. सुरुवातीच्या काळात ही वीज एका छोट्या आरशाला हलवायची आणि त्यावरून परावर्तित होणारा उजेडाचा ठिपका सरकत्या फोटोच्या कागदावर नागमोडी रेघ काढायचा. कागद तंबूत किंवा गाडीत धुऊन काढायचा आणि ओला असतानाच पाहायचा. शेजारशेजारच्या रेघांमध्ये एकच उंचवटा ओळीने दिसला की माणसे पेन्सिलीने खूण करत.

पण त्या रेघेत जमिनीखालच्या वार्तेपेक्षा इतर गोंगाटच जास्त. स्फोटातून पृष्ठभागावरून लोळत येणारे जाडजूड तरंग. लांबून जाणारी गाडी, पाण्याचा पंप. आणि सर्वांत फसवी म्हणजे वरची मऊ माती. खडकात तरंग सेकंदाला अडीच हजार मीटर जात असेल, तर मोकळ्या मातीत पाचशेच. एखाद्या नाल्याकाठी दहा मीटर जादा मऊ माती असली, की तिथल्या जिओफोनपाशी तरंग १६ सहस्रांश सेकंद उशिरा पोचतो. एवढासा उशीर, पण कागदावर तो खोल थरात २० मीटरचा खळगा होऊन दिसतो. खळगा खाली कुठेच नसतो, असतो वरचा नाला. म्हणून स्फोटाचे भोक मातीच्या थराखाली, घट्ट खडकापर्यंत खणायचे, मातीची जाडी जागोजाग मोजायची आणि तेवढा वेळ प्रत्येक रेघेतून वजा करायचा. या कामाला 'स्टॅटिक करेक्शन' म्हणतात. कंटाळवाणे काम आहे. पण ज्या तुकडीने ते नीट केले नाही, तिच्या सेक्शनवर पुढे कितीही गणित चढवा, तो नाला पाताळातच राहतो.

इथे आपली म्हण शब्दशः लागू पडते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? शेतात, वाळवंटात, बोटीवर जे टिपले गेले तेच पुढे संगणकात जाते. जिओफोन एकमेकांपासून फार दूर लावले, स्फोट फार कमी ठेवले, तर हुकलेली माहिती पुढचा कुणीही पंडित परत आणू शकत नाही.

कार्चर यांची पहिली कंपनी टिकली नाही. तेलाचे भाव कोसळले आणि कुणाला नवे तेल शोधण्याची निकड राहिली नाही. १९२५ मध्ये एव्हरेट डीगोलियर या भूवैज्ञानिकाने त्यांना पुन्हा उभे केले. १९२८ मध्ये ओक्लाहोमातच सेमिनोल भागात प्रतिध्वनीच्या नकाशावरून खोदलेल्या विहिरीला तेल लागले. १९३० मध्ये कार्चर आणि युजीन मॅकडर्मट यांनी 'जिओफिजिकल सर्व्हिस' ही कंपनी काढली. याच कंपनीचे पुढे १९५१ मध्ये 'टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स' असे नामकरण झाले आणि १९५८ मध्ये तिथेच जॅक किल्बी यांनी इंटिग्रेटेड सर्किट बनवले. आपल्या खिशातल्या मोबाइलची वंशावळ अशी एका फांदीने प्रतिध्वनी शोधणाऱ्यांपर्यंत जाते.

दरम्यान एक अडचण सुटत नव्हती. देवळाच्या गाभाऱ्यात टाळी वाजवली, तर भिंतीवरून आलेली टाळी वेगळी ऐकू येते. घंटा वाजवली, तर तिचा नाद इतका लांबतो की भिंतींवरून आलेले सगळे नाद एकमेकांत मिसळून नुसता घुमारा उरतो. स्फोट टाळीसारखा असावा ही अपेक्षा. जमिनीत शिरता शिरता त्याची घंटा होते. प्रत्येक थर त्या घंटेचा अख्खा लांबट नाद परत पाठवतो आणि नोंदलेल्या रेघेत शेकडो नाद एकावर एक चढतात. समुद्रावर तर हे फारच. पाण्याचा पृष्ठभाग आणि कठीण तळ यांच्यामध्ये तरंग पुन्हा पुन्हा उसळत राहतो. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला साधारण १५०० मीटर. म्हणजे ७५ मीटर पाण्यात दर दशांश सेकंदाला तीच आरोळी परत. इराणच्या आखातातल्या अशा नोंदींना तिथले लोक 'गाणाऱ्या' नोंदी म्हणत. खालच्या थरांचे सारे बोलणे त्या गाण्यात बुडून जाई.

यावरचा तोडगा निघाला तो तेलाशी काडीचाही संबंध नसलेल्या ठिकाणी. दुसऱ्या महायुद्धात विमानविरोधी तोफेला विमानाची पुढची जागा आधीच सांगता यावी म्हणून मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले गणिती नॉर्बर्ट वीनर यांनी एक गुप्त अहवाल लिहिला होता. मागच्या नोंदीवरून पुढची नोंद कशी वर्तवावी, याचे ते गणित होते. कव्हर पिवळे आणि आतले गणित महाकठीण, त्यामुळे इंजिनिअर त्याला 'पिवळे संकट' म्हणत. १९५० मध्ये त्याच संस्थेतले प्राध्यापक जॉर्ज वॉड्सवर्थ यांनी एंडर्स रॉबिन्सन या विशीतल्या विद्यार्थ्यापुढे आठ सेस्मिक नोंदी ठेवल्या. मॅग्नोलिया पेट्रोलियम कंपनीकडून त्या आल्या होत्या. यात गणित काही करू शकते का ते बघ, एवढेच काम.

नोंदी म्हणजे कागदावरच्या नागमोडी रेघा. आकडे नव्हतेच. त्या पट्टी लावून, थोड्या थोड्या अंतरावर उंची मोजून, आकड्यांच्या रकान्यांत उतरवल्या गेल्या. आधी टेबलावरच्या यंत्रावर आणि नंतर संस्थेतल्या 'व्हर्लविंड' या प्रचंड संगणकावर हिशेब झाला. रॉबिन्सन यांची कल्पना अशी. रेघेतला जो भाग मागच्या भागावरून वर्तवता येतो, तो घंटेचा लांबलेला नाद. तो आपल्याला आधीच माहीत आहे. जो भाग वर्तवता येत नाही तो नव्या थराचा प्रतिध्वनी. तेव्हा अपेक्षित तेवढे वजा करत जायचे. जे उरेल ती बातमी. वजाबाकी झाल्यावर गुरफटलेले प्रतिध्वनी सुटे झाले. १९५४ मध्ये रॉबिन्सन यांचा प्रबंध पूर्ण झाला. तेल कंपन्यांच्या पैशावर तिथे एक अभ्यासगटच उभा राहिला. आज याला 'डीकन्व्होल्यूशन' म्हणतात आणि सेस्मिक नोंदींवर करायच्या प्रक्रियांच्या जवळपास प्रत्येक यादीत ते असते. १९५९ मध्ये मायलो बॅकस यांनी समुद्राच्या त्या गाण्यावरही अशाच विचाराने उतारा दिला.

भूवैज्ञानिकाने इथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. हे गणित धरून चालते की खालचे थर कोणत्याही नियमाने मांडलेले नाहीत. पण एखाद्या प्रदेशात थर खरोखरच नियमाने एकाआड एक येत असले तर? तर गणित खऱ्या थरालाही पुनरावृत्ती समजून पुसायला कमी करत नाही. तो प्रदेश तसा आहे की नाही हे गणिताला माहीत नसते, तिथले खडक पाहिलेल्या माणसाला असते. त्याने ते सांगायला हवे.

त्याच सुमारास सॅन अँटोनियोतल्या पेटी कंपनीतले हॅरी मेन यांनी आणखी एक साधा आणि फार मोठा विचार मांडला. एकच साक्षीदार, पण त्याला वेगवेगळ्या बाजूंनी विचारा. स्फोट आणि जिओफोन यांच्या जागा अशा सरकवत न्यायच्या की खालच्या त्याच बिंदूवरून कधी जवळचा, कधी लांबचा, असे अनेक प्रतिध्वनी मिळतील. लांबच्या वाटेने आलेला प्रतिध्वनी उशिरा येतो, तेवढा उशीर काढून टाकायचा आणि सगळ्यांची बेरीज करायची. खरा प्रतिध्वनी प्रत्येक वेळी तेच सांगतो म्हणून बेरजेत वाढतो. गोंगाट प्रत्येक वेळी वेगळे काहीतरी बरळतो आणि आपापसात विझतो. चोवीस रेघांची बेरीज केली तर प्रतिध्वनी गोंगाटाच्या तुलनेत जवळपास पाचपट उठून दिसतो. १९५० मध्ये मेन यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९५६ मध्ये ते मिळाले. पण फोटोच्या कागदावरच्या रेघांची बेरीज करायची कशी? त्यासाठी आधी चुंबकीय फीत आणि मग आकड्यांत होणारी नोंदणी यावी लागली. ती आल्यावर सारा धंदाच बदलला.

आणि त्या बेरजेतून आणखी एक लाभ झाला, तो भूवैज्ञानिकाच्या दृष्टीने बेरजेइतकाच मोठा. लांबचा प्रतिध्वनी किती उशिरा येतो यावरून वरच्या खडकांतला वेग काढता येतो. इतके दिवस अंदाजाने धरलेला वेग आता नोंदीतूनच मिळू लागला.

भारतात या सगळ्याची चाके फिरू लागली ती केशवदेव मालवीय यांच्या आग्रहाने. इथे तेल नाही असे परदेशी कंपन्यांचे मत असताना त्यांनी सोव्हिएत तज्ज्ञांची मदत घेतली. १९५६ च्या ऑगस्टमध्ये तेल आणि नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली, १९६० मध्ये गुजरातमध्ये अंकलेश्वरला तेल लागले. खंभातच्या पट्ट्यातले थर समुद्राकडे जाताना दिसत होते. १९६४ ते १९६७ या काळात 'अकादमिक अर्खांगेल्स्की' हे सोव्हिएत सर्वेक्षण जहाज भारतीय आणि सोव्हिएत तज्ज्ञांना घेऊन खंभातच्या आखातात आणि बाहेरच्या समुद्रात फिरले.

समुद्रावर काम वेगळे, पण तत्त्व तेच. जिओफोनऐवजी पाण्याचा दाब टिपणारे हायड्रोफोन, एका लांब केबलमध्ये ओवून जहाजामागे ओढलेले. जहाज ठरलेल्या रेषेवर सावकाश चालत राहते, ठरावीक अंतराने पाण्यात धमाका होतो. त्या काळी समुद्रात स्फोटके सर्रास वापरली जात. दाबलेल्या हवेचा बार काढणाऱ्या एअर गनने त्यांची जागा पुढे घेतली, आणि माशांवरचे संकट काहीसे कमी झाले. किनारा दिसेनासा झाल्यावर जहाज नेमके कुठे आहे हे ठरवणेच तेव्हा मुश्कील होते. प्रतिध्वनी अचूक मिळाला आणि त्याची जागा नकाशावर किलोमीटरभर चुकली, तर उपयोग काय?

या रेषांवरून जो आकार हळूहळू उमटत गेला तो होता सुमारे ७५ किलोमीटर लांब आणि २५ किलोमीटर रुंद असा एक उंचवटा, तेल साचू शकेल असा. भूवैज्ञानिक अशा उंचवट्याला 'हाय' म्हणतात. म्हणून त्याचे नाव 'बॉम्बे हाय', आजचे 'मुंबई हाय'. आयोगाच्या तुकड्यांनी त्याचे पुढे बारकाईने सर्वेक्षण केले. तरी विहीर खोदायला १९७४ उजाडले. १९७० मध्ये खंभातच्या आखातात आलियाबेटावर पहिला प्रयोग झाला होता, पण खुल्या समुद्रात उभी राहील अशी रिग देशात नव्हती. ती मागवली, आली, आणि त्या सुमारास १९७३ च्या ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटून तेलाचे भाव काही महिन्यांत जवळपास चौपट झाले. सागर सम्राटवर किती डोळे लागून राहिले असतील याची कल्पना त्या भावांवरून करावी.

सेक्शनवर घुमट दिसतो, म्हणून तो जमिनीत असतोच असे नाही, हे खोदण्याआधी प्रत्येकाला ठाऊक असते. सेक्शनवरचा घुमट वेळेतला असतो. वर कुठे कठीण चुनखडकाचा जाड ठोकळा असेल, तर त्यातून तरंग भरभर जातो, खालचा सपाट थर लवकर उत्तर देतो आणि कागदावर फुगलेला दिसतो. उलट गंमत खोलगट थरांची. त्यांच्या दोन्ही उतारांवरचे प्रतिध्वनी एकमेकांना छेदून येतात आणि खळगा असतो तिथे कागदावर चक्क टेकाड उमटते. हे प्रतिध्वनी आपापल्या खऱ्या जागी नेऊन बसवण्याचे काम म्हणजे 'मायग्रेशन'. हागेडोर्न या डच भूभौतिकतज्ज्ञाने १९५४ मध्ये ते पट्टी आणि कंपासने करायची रीत सांगितली होती. जॉन क्लारबाउट यांनी तरंगाचे समीकरणच संगणकावर उलटे चालवण्याची वाट १९७० च्या आसपास खुली केली. सागर सम्राट खोदत होती तेव्हा ही विद्या अजून कोवळी होती.

म्हणून निकाल विहीरच देते. मुंबई हायच्या विहिरीत साधारण १३०० मीटरच्या आसपास मायोसीन काळातले चुनखडक तेलाने भरलेले मिळाले. विहीर खोदली की तिच्यात हायड्रोफोन सोडून वरून धमाका करता येतो. मग अमुक खोली म्हणजे अमुक वेळ, असा पक्का हिशेब बसतो. कागदावरची कोणती रेघ म्हणजे कोणता थर, हे त्या दिवशी पहिल्यांदा खात्रीने कळते. मग सगळ्या जुन्या रेषा पुन्हा काढून नव्या नजरेने वाचायच्या. २१ मे १९७६ ला इथून तेल निघू लागले.

हे सगळे समुद्रात. किनाऱ्यावर परत आले, सह्याद्री चढले, की हीच विद्या अडखळते. दख्खनचा बेसॉल्ट सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे आणि तो म्हणजे एकावर एक ओतलेल्या लाव्हाच्या थप्प्या. प्रत्येक प्रवाहाचा गाभा घट्ट, माथा सच्छिद्र, मधे कुठे लाल मातीचा पट्टा. घाटात बस थांबते तेव्हा कड्यावर हे पायऱ्यांसारखे थर कुणालाही मोजता येतात. तरंग त्या प्रत्येक पायरीवर आपटतो, आतल्या आत उसळत राहतो, त्यातली बारीक कंपने विखरून जातात आणि खाली काय आहे याचे उत्तर वर येता येता विरते. थर एकाआड एक नियमाने येतात तिथे रॉबिन्सन यांचे गणित फसू शकते, असे वर म्हटले ते याच खडकाला डोळ्यांपुढे ठेवून.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला. त्यानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने १९७० च्या दशकात दोन लांब सेस्मिक रेषा या भागातून नेल्या. एक गुहागरपासून चोरोचीपर्यंत, दुसरी केळशीपासून लोणीपर्यंत. मिन्ट्रोप यांच्यासारखीच लांबून येणारे तरंग टिपण्याची ही पद्धत. तिने पृथ्वीच्या कवचाचा तळ सुमारे ३५ ते ४० किलोमीटरवर असल्याचे सांगितले. पण बेसॉल्टच्या लगेच खाली नेमके काय आहे, हे कळायला शेवटी भोकच पाडावे लागले. कोयना परिसरात रासाटीला १५२२ मीटर खोल विवर खोदले गेले. ९३२ मीटरच्या पुढे बेसॉल्ट संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. मधे गाळाच्या खडकाचा पत्ता नव्हता.

किल्लारीला १९९३ च्या भूकंपानंतर ६१७ मीटरचे विवर घेतले गेले. तिथे ३३८ मीटर बेसॉल्टखाली गाळाचा एक थर मिळाला, अवघा आठ मीटर जाडीचा. सेकंदाला तीस कंपनांचा तरंग तीन हजार मीटर वेगाच्या खडकातून जात असेल, तर त्याची लांबी होते शंभर मीटर. तिच्या चतुर्थांशाहून, म्हणजे २५ मीटरहून पातळ थराचा माथा आणि तळ वेगळे ऐकूच येत नाहीत. बेसॉल्टमधून खाली जाता जाता तर तीस कंपनेही शिल्लक राहत नाहीत. नळीतून बाहेर काढलेल्या खडकाच्या कांबीवर मात्र तो गाळ बेसॉल्टच्या खाली आणि जुन्या पायाच्या खडकाच्या वर उघड्या डोळ्यांनी दिसतो, त्यावर बोट ठेवता येते.